बम्मलो म्हणजे काय गो?

भाच्याचा पहिला पगार झाला म्हणून तो आजीला आणि मला जेवायला घेऊन गेला. घोडबंदर रोड, मानपाड्याच्या पुढे, सर्व्हिस रोडला लागून पहिला मजला. मेनूकार्ड इंग्रजी. तो वाचत होता, आम्ही दोघी ऐकत होतो. प्रॉन्स असे, सुरमई तशी, आणि मग: "क्रिस्पी बम्मलो, ४९५."

"बम्मलो म्हणजे काय गो?" आईने विचारलं.

विचारलं मला, कारण घरातलं इंग्रजीचं खातं माझ्याकडे. २६ वर्षं मी इंग्रजीतून मराठी करते आहे. विम्याची पत्रकं, औषधांच्या खोक्यातले बारीक अक्षरांचे कागद, मिक्सरच्या माहितीपुस्तिका. आणि मला सांगता येईना. मासा आहे एवढं कळत होतं, कारण पान माशांचं होतं. पण कुठला?

वेटर मदतीला आला. "मॅडम, बॉम्बे डक."

आईला इंग्रजी येत नाही, पण डक येतं. नातवाला बालवाडीत असताना तिनेच शिकवलं होतं. "बदक? मना नको बदक. तुमी खा."

बॉम्बे डक म्हणताच माझी ट्यूब पेटली. पण मी गप्प बसले आणि भाच्यालाही डोळ्यांनी दटावलं. प्लेट येऊ दे म्हटलं.

प्लेट आली. काळा दगडी पाट, त्यावर केळीच्या पानाचा गोल तुकडा, त्यावर चार सोनेरी कांड्या एकमेकींवर तिरक्या रचलेल्या, बाजूला मेयोनीज. ती टेबलाला टेकायच्या आत आईचं नाक हललं. "ह्यो त आपला बोंबील!" म्हणाली. मग चेहरा जरा पडला. "आनि येवरे पैसं?"

आईचा जन्म चेंदणी कोळीवाड्यातला, लग्नही तिथेच. चाळीस वर्षं तिने ठाण्यात टोपली घेऊन मासळी विकली. बोंबील तिने किती विकले याला हिशेब नाही. वाटा लावून, मोजून, घासाघीस करून, उरलेले संध्याकाळी शेजारी वाटून. नारळी पौर्णिमा होऊन दोन महिने झाले होते, म्हणजे ऐन बोंबलाचे दिवस. आणि त्याच बाईला तिचाच बोंबील ओळखता येऊ नये अशी व्यवस्था त्या कार्डाने करून ठेवली होती. या जेवणाबद्दल मला लिहायचं आहे ते मुख्यतः यासाठी. पण आधी जेवण कसं होतं ते सांगते, नाहीतर म्हणाल बाई शब्दकोश उघडून बसली.

हॉटेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मालक कार्ड बदलतो म्हणाला आहे, त्याला वेळ दिलेला बरा. सोयींचं थोडक्यात: लिफ्ट त्या दिवशी बंद होती, आईच्या गुडघ्यांनी २२ पायऱ्या मोजल्या. एसी जरुरीपेक्षा थंड. गाणी मोठी, सांगितल्यावर बारीक केली. मेट्रोच्या खांबांमुळे आत वळायची जागा पटकन दिसत नाही, आम्ही एकदा पुढे जाऊन परत आलो. हात धुवायला गरम पाणी आणि लिंबू, हे मात्र छान.

आता बोंबील. तळलेला बोंबील ही खरं तर एक अशक्य गोष्ट आहे. हा मासा म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. हातात धरला तर निसटतो, जोरात धरला तर हातातच राहतो. ताजा असला की अंगावर गुलाबीसर झाक, आणि इतका नितळ की आतलं दिसेल की काय असं वाटावं. आई त्याचं काय करते ते मी लहानपणापासून बघते आहे. डोकं उडवायचं, पोट साफ करायचं, पर आणि शेपूट विळीवर कापायची, मधून चिरून पुस्तकासारखा उघडायचा. मधला काटा ठेवायचा की काढायचा यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत, मी काटा ठेवण्याच्या बाजूची, कारण तो मऊ असतो आणि खाल्ला तरी कळत नाही. मग मीठ चोळून स्वच्छ फडक्यात एकाशेजारी एक निजवायचे, वर फडकं, फडक्यावर पाटा, पाट्यावर वरवंटा. अर्ध्या तासाने खाली परातीत पाणी साचलेलं असतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं नळ गळतोय. मग हळद, घरचा मसाला, आलं-लसूण, चिंचेचा कोळ, वरून तांदळाचं पीठ, आणि तवा. कढई नाही. तवा, आणि तेलाच्या बाबतीत हात आखडता न घेता.

सगळी गोम त्या वरवंट्यात आहे. वजन कमी पडलं तर तव्यावर चिखल. जास्त वेळ पडलं तर माशाचा पापड. बरोबर पडलं तर बाहेरून कुरकुरीत आणि आत खरवस.

हॉटेलातल्या चार तुकड्यांपैकी दोन खरवस होते, दोन पापड. रवा लावला होता, तोही जाड, आणि कढईत तळलेले. कुरकुरीतपणाला दहापैकी नऊ, बोंबीलपणाला पाच. भाच्याला आवडले. त्याची पिढी आधी आवाज ऐकते आणि मग चव घेते. आईने एक खाल्ला, दुसरा उघडून आत बघितलं, आणि मेयोनीजची वाटी दोन बोटांनी लांब सरकवली. तोच तिचा अभिप्राय.

पण नंतर कालवण आलं. ते कार्डावर साध्या शब्दांत होतं, कोळी फिश करी, आणि आज कुठला मासा असं विचारल्यावर वेटर म्हणाला, तोच बम्मलो. आंबट, लालभडक, वर तेलाचा पातळ तवंग, कोथिंबिरीचा देखावा नाही. आणि त्यात बोंबील अख्खे. तुकडे अख्खे, हे सांगायला सोपं आहे. बोंबलाच्या कालवणात एकदा डाव फिरवला की मासा नाहीसा होतो, नुसते केसासारखे काटे उरतात. ते भांडं हलवायचं असतं, दोन्ही कानांना धरून, गोल. आईने वाटीत बघितलं, मान वर केली आणि वेटरला म्हणाली, "कोन रांधतं रे? बाई हाय ना?"

बाई होत्या. आईने बोलावणं धाडल्यावर ॲप्रनला हात पुसत बाहेर आल्या, पन्नाशीच्या, उरणकडच्या. दोघींचं पाच मिनिटांत जमलं. कुठल्या बंदरावरून मासळी येते, चिंच की कोकम, मसाल्यात बडीशेप किती. मी मध्येच विचारलं, बम्मलो हा शब्द तुम्हाला माहीत होता का? त्या हसल्या. म्हणाल्या, "आमच्याकडं आत चिठ्ठी येते ना, तिच्यावर नुसतं बी एम एल येतं. मला वाटलं बोंबीलच लिहितात तसं."

ही चिठ्ठी माझ्या डोक्यातून जाईना. ब, म, ल. स्वर काढले तर दोन्ही शब्द जवळपास एकच. जे शोधायला मी घरी जाऊन कोश काढणार होते ते त्या बाईंनी बिलाच्या कागदावर आधीच वाचून ठेवलं होतं.

घरी गेल्यावर कोश काढलेच. मोठे इंग्रजी शब्दकोश बम्मलोच्या पुढे लिहितात: दक्षिण आशियातला एक छोटा मासा, बहुधा मराठी बोंबीलवरून. म्हणजे हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून नेलेला. कधी नेला, त्याचाही पुरावा आहे. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७३ मध्ये मुंबईला आला. त्याचं प्रवासवर्णन १६९८ मध्ये छापलं गेलं. त्यात माझगावचा उल्लेख येतो, स्पेलिंग मॅसिगाँग असं काहीतरी. मोठं मासेमारीचं गाव, म्हणतो, आणि बम्बेलो नावाच्या माशासाठी विशेष प्रसिद्ध. गरीब लोक या माशावर, 'बॅटी' नावाच्या जाड्या तांदळावर आणि माडाच्या 'टॉडी' नावाच्या दारूवर जगतात.

ते वाक्य मी आईला फोनवर वाचून दाखवलं, मराठी करून. बोंबील, भात, ताडी. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजाच्या एका वाक्यात आमच्या घरचं रात्रीचं जेवण. आई म्हणाली, ताडी आपल्या घरात नव्हती. आजोबांबद्दल तिला बोलायचं नव्हतं, मीही पुढे गेले नाही.

तर बम्बेलो. फ्रायरच्या कानांनी बोंबीलमधला दुसरा ब नीट ऐकला आहे. पुढे तो ब गळाला. १८८६ मध्ये हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांचा हॉब्सन-जॉब्सन हा कोश निघाला, हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या शब्दांचा. त्यात हा मासा बम्मेलो म्हणून येतो. त्या कोशाचं नावच बघा: मोहरमच्या मिरवणुकीतलं 'या हसन, या हुसेन' गोऱ्या सोल्जरांनी ऐकलं, त्याचं झालं हॉब्सन-जॉब्सन. असल्या कानांकडून बोंबील बम्मलोपर्यंत पोचला हेच पुष्कळ म्हणायचं. शिवाय म नंतरचा ब गिळायची इंग्रजीला सवयच आहे. लॅम, थम, कोम, या सगळ्यांच्या स्पेलिंगात ब बसलेला आहे आणि तोंडात नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर मला त्या शेवटच्या 'लो'चा संशय येतो. गुजरातीत आणि पारशी घरांत बोंबलाला बूमला म्हणतात. तरेला बूमला म्हणजे तळलेले बोंबील. बम्मलो हा कानाला बूमलाच्या जास्त जवळचा नाही का? इंग्रजांचे दलाल, मोदी, दुभाषे बरेचसे पारशी आणि गुजराती होते. तेव्हा शब्द कोळिणीच्या टोपलीतून निघाला आणि वाटेत कोणाच्या तोंडातून गेला, हे कोशातल्या 'बहुधा'त बसवून टाकू. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात बोंबील आहे आणि यूलसाहेबांनी त्याचाच हवाला दिला आहे. पण मूळ अंधुक आहे, असंही लिहून ठेवलं आहे. माझ्या आजीला मूळ स्पष्ट होतं. तोंड वासून बोंब मारतो म्हणून बोंबील. भाषाशास्त्रात हे चालायचं नाही, पण सुक्या बोंबलाचं तोंड बघितलं आहे ना तुम्ही?

हॉटेलात परत येते, कारण माझं खरं भांडण कार्डाशी नाही, भिंतीशी आहे. बेसिनकडे जाताना उजव्या हाताला एक मोठी फ्रेम आहे. वाफेच्या इंजिनाचं चित्र आणि खाली इंग्रजीत गोष्ट. तुम्हीही कुठेतरी ऐकली असेल: इंग्रजांच्या काळात सुके बोंबील मुंबईहून डाकगाडीने जायचे, सगळ्या गाडीला त्यांचा वास लागायचा, म्हणून लोक त्या वासाला बॉम्बे डाक म्हणू लागले आणि डाकचं झालं डक.

गोष्ट छान आहे. आणि ती ठाण्यात लावावी, हे तर फारच. कारण या देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून, ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० च्या आसपास पाहुणे, पुढे तीन इंजिनं. ते रूळ आमच्या कोळीवाड्याला खेटूनच गेले, आजही चेंदणी रुळांच्या अल्याडही आहे आणि पल्याडही. म्हणजे १८५३ च्या आधी इथे डाकगाडी असणं शक्य नाही, हे ठाणेकराला कोणी सांगायला नको. शाळेत पाठ केलेलं असतं.

आणि डक त्याच्या आधीपासून आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याने १८०३ मध्ये, तरुण असताना, छावणीतून लिहिलं: इथल्यांना बंगालच्या फौजेची चैनही नाही आणि 'डक्स'सारखं काटक राहणंही नाही. हे डक्स म्हणजे बदकं नव्हेत, मुंबई इलाख्याच्या नोकरीतले साहेब. तिन्ही इलाख्यांना अशी टोपणनावं होती. बंगालवाले 'क्वी हाय', कारण नोकराला हाक मारायची ती 'कोई है?' अशी. मद्रासवाले 'मल', मुलिगटॉनी सुपावरून, आणि तो शब्द तमिळ मिरीच्या पाण्याचा. म्हणजे दोघांना नावं पडली ती घरातून आणि ताटातून. तसंच मुंबईवाल्यांनाही ताटातून पडलं, बोंबलावरून, असं यूलसाहेबांचं म्हणणं. ते खरं धरलं तर माशाला डक म्हणणं १८०३ च्याही मागचं झालं, पहिल्या गाडीच्या निदान ५० वर्षं आधीचं. भिंतीवरच्या त्या इंजिनाने इतकी वर्षं मागे कसं जायचं?

सुका बोंबील पुढे विलायतेला गेला, डब्यांतून. तिथे भाजून, करीवर चुरून खायची पद्धत पडली. १९९७ मध्ये युरोपीय संघाच्या मासळीच्या नियमांत तो अडकला. उघड्यावर, समुद्राकाठी वाळवलेला मासा म्हणून. तिथल्या शौकिनांनी तो परत मिळावा म्हणून मोहीम चालवली. आईला हे सांगितलं तेव्हा तिला ते फारच आवडलं. २०२३ मध्ये सरकारने पापलेटला राज्यमासा केलं, तेव्हापासून ती जरा दुखावलेली आहे. "पापलेट काय, पैसंवाल्याचा मासा," असं तिचं म्हणणं. बोंबलासाठी गोरे भांडले, हे तिने शेजारणींना सांगितलं आहे, आणि माझ्या कानावर परत आलं तेव्हा त्यात राणीही आली होती.

तर हात धुऊन मी मालकाला गाठलं. तिशीतला मुलगा, मूळचा पालघरकडचा, बोलायला गोड. फ्रेमबद्दल बोलल्यावर त्याने कान पकडले. इंटरनेटवरून घेतलं म्हणाला, गिऱ्हाइकं फोटो काढतात. मग मी कार्डाचं विचारलं. बोंबील का नाही लिहिलं?

थोडा थांबला. मग म्हणाला, "खरं सांगू ताई? बोंबील लिहिलं तर डिझायनर म्हणाला स्वस्त वाटतं. बोंब ऐकू येते त्यात. ४९५ ला कोण घेईल?"

मला राग यायला हवा होता. पण त्याचं गणित मला कळत होतं. मी स्वतः औषधाच्या कागदावर 'जुलाब' लिहिलं तर कंपनी 'अतिसार' करून परत पाठवते. आपल्याच शब्दाला कोट-टाय घातल्याशिवाय त्याला खुर्ची मिळत नाही. इथे तर गंमत अशी की कोटही त्याचाच होता. फ्रायरने साडेतीनशे वर्षांपूर्वी नेऊन शिवून ठेवलेला.

"बम्मलो राहू दे," मी म्हटलं. "जुना शब्द आहे, चांगला आहे. पण शेजारी बोंबील लिहा, मराठीत, त्याच आकाराच्या अक्षरात. आणि ती आगगाडी उतरवा." तो म्हणाला, मग तिथे काय लावू? तुम्हीच द्या चार ओळी लिहून. मी भाषांतराचे शब्दामागे पैसे घेते, हे त्याला माहीत नव्हतं. आईने मध्येच ठरवून टाकलं की पैसे नाहीत घ्यायचे, त्याऐवजी त्याने तवा वापरावा.

बाकी पदार्थांचं झटपट. तांदळाची भाकरी पातळ, गरम, एकेक करून आणून देतात, इथे त्यांना पूर्ण गुण. सोलकढी बाटलीतली वाटली, आम्ही एक घेऊन दोन परत केल्या, कुरकुर न करता घेतल्या. कोळंबीचं सुकं बरं, पण नारळ जास्त. सुक्या बोंबलाची चटणी मात्र कार्डावर नाही आणि मागितली तर मिळते. स्वयंपाकघरातल्या बाई स्वतःच्या जेवणासाठी करतात. बोंबील तव्यावर भाजून, हाताने चुरून, त्यात लसूण, लाल मिरची, कच्चं तेल. आईने भाकरीच्या तुकड्यावर घेऊन खाल्ली आणि काही न बोलता दुसरी भाकरी मागवली. तिघांचं बिल २,८७० रुपये, टिप वेगळी. भाच्याने कार्ड काढलं, आजीने त्याचा हात धरून ठेवला, ५०० ची नोट त्याच्या खिशात कोंबली. पगार त्याचा पहिला, पण बोंबलाचे पैसे ती भरणार, हा मुद्दा तिने सोडला नाही.

जायचं असेल तर दुपारी जा, संध्याकाळी सातनंतर सर्व्हिस रोड तुंबतो. तळलेला बोंबील मागवताना 'तव्यावर, तांदळाच्या पिठात' असं सांगा, आता करून देतात. कालवण कुठल्याही परिस्थितीत मागवा. लिफ्टचं फोन करून विचारून घ्या. आणि बाईंना चटणीचं विचारताना बम्मलो म्हणू नका, त्या आतून नाही म्हणतील.

परवा मालकाने नव्या कार्डाचं प्रूफ व्हॉट्सॲपवर पाठवलं, बघून द्या म्हणाला. बोंबील मोठ्या अक्षरात, ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, खाली लहान बम्मलो. फ्रायरचं साल बरोबर, माझगाव बरोबर. किंमत ५२५ झाली आहे, ते त्याचं तो बघेल. फक्त डिझायनरने कोपरा रिकामा दिसतो म्हणून तिथे एक चित्र टाकलं आहे. पिवळं, गुबगुबीत, चोच उघडलेलं बदक.

काढायला सांगणार होते. सांगण्याआधी आईला दाखवलं. तिने मोबाइल लांब धरला, चष्मा सारखा केला, आणि खूप वेळ बघत बसली.

"ऱ्हाऊ दे," म्हणाली. "त्याचं त्वाँड बघ. बोंबलासारखंच हाय."